ऊन चढलं की बंद पडणारा फियाटचा जुना रेडिओ: तीनदा दुरुस्त करूनही बिघाड परत का यायचा

आधी लक्षण सांगतो, म्हणजे तुमचंही तेच दुखणं आहे का ते कळंल. गाडी १९७८ ची प्रीमियर पद्मिनी, आमच्या परभणीत सगळे तिला फियाटच म्हणतात, हँडलला गिअर, आन् डॅशबोर्डात पाच बटनांचा मीडियम वेव्हचा रेडिओ. सकाळी गाडी काढली की रेडिओ एकदम खणखणीत. ऊन चढलं आन् गाडी मोकळ्या रोडला लागली की वीस-पंचवीस मिनिटांत आवाज घोगरा व्हायचा, सर्दी झालेल्या माणसासारखा, मग बारीक, मग नुसतं फुस्स, मग तेही नाही. लिंबाखाली तासभर उभी केली की परत जसाच्या तसा. असं चार-पाच वेळा झालं की मग एक दिवस कायमचाच बसायचा, फ्यूज उडालेला आन् आउटपुटचा, म्हणजे स्पीकर चालवणारा, ट्रान्झिस्टर शॉर्ट. तो बदलला की महिना-दीड महिना बरा, परत तेच. दोन उन्हाळे ह्यात गेले.

गाडी अप्पांची. बरीच वर्षं गोठ्याशेजारी पत्र्याखाली पडून होती, मग मी बाहेरून सगळी रिस्टोअर करून घेतली, डेंटिंग-पेंटिंग, नवं वायरिंग, सीट, आन् जुना डायनमो काढून अल्टरनेटर बसवला, कारण डायनमोवर रात्री सिग्नलला उभं राहिलं की लाईट पिवळे पडायचे. गाडी घरी आली तेव्हा एवढी चकाचक होती की अप्पा बसायच्या आधी चप्पल काढायले. ह्या पेंटिंगचं लक्षात ठेवा, पुढं कामाला येतंय.

रेडिओ मी आमच्या इथल्या एका जुन्या मेकॅनिककडं दिला. वय सत्तरीच्या पुढं, आम्ही त्यांना चाचा म्हणतो, टेबलावर सोल्डरिंग गन, बॅटरीऐवजी घरच्या लाईटवर चालणारा एक एलिमिनेटर आन् तंबाखूची डबी. पहिल्यांदा त्यांनी सगळे इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर बदलले, ते बरोबरच केलं, चाळीस-पन्नास वर्षं जुने कपॅसिटर वाळून गेलेले असतात आन् सप्लायवरचा मोठा तर हमखास गेलेला असतो. दुसऱ्यांदा आउटपुट ट्रान्झिस्टर. तिसऱ्यांदा परत तोच. तिसऱ्या वेळी त्यांनी चष्मा काढला आन् म्हणले, "मेरे टेबल पे तो इसको कुछ होताच नै बेटा. गाडी में जाके बिमार पडता. गाडी कू देख."

मला तेव्हा वाटलं म्हातारबा आता टाळायलेत. पण खरं उत्तर तेच होतं.

त्यांच्या टेबलावर एलिमिनेटर १२ व्होल्टचा, दुकानात पंखा, रेडिओचं झाकण उघडं. माझ्या गाडीत रेडिओ डॅशबोर्डाच्या पोटात कोंबलेला, बाहेर परभणीचं मे महिन्याचं ४३ डिग्री ऊन, आन् गाडी चालू असताना व्होल्टेज किती ते कोणी मोजलंच नव्हतं. मी मोजलं होतं म्हणा, पण चुकीचं. गाडी उभी, इंजन स्लोवर, मीटर लावला, १३.८. मस्त आहे म्हणून मीटर ठेवून दिला. अल्टरनेटर स्लोवर पुरा जोर देत नाही, त्यामुळं स्लोवरचा आकडा काही सांगत नाही. कोणाला तरी ॲक्सिलेटर दाबायला बसवा, अंदाजे २००० आरपीएम ठेवायला लावा, हेडलाईट चालू करा आन् मग बॅटरीच्या दोन टोकांवर मोजा. १४ ते १४.५ च्या मधात आलं पाहिजे. माझ्याकडं १५.५ आलं.

आता मागं वळून बघितलं तर गाडी पहिल्यापासून ओरडून सांगायली होती. सहा महिन्यांत हेडलाईटचे दोन बल्ब गेले होते. बॅटरीत दर पंधरा दिवसाला पाणी टाकावं लागायचं, बॅटरीवाला म्हणला बॅटरीच खराब आहे, मी ती बदललीही. आन् रेडिओ मात्र हिवाळ्यात कधीच बंद पडला नव्हता, फेब्रुवारीत उरुसाच्या गर्दीत दोन तास अडकलो होतो तेव्हाही सलग वाजत होता. थंडी आन् इंजन स्लोवर, दोन्ही गोष्टी रेडिओच्या फायद्याच्या, पण तेव्हा डोक्यात प्रकाश पडला नाही.

१५.५ व्होल्टनं रेडिओ का मरतो ते थोडं सविस्तर सांगतो, कारण बरेच जण म्हणतात दीड व्होल्टानं काय होतंय. त्या काळच्या बऱ्याच कार रेडिओत आउटपुटला एकच मोठा जर्मेनियम ट्रान्झिस्टर असतो, एडी१४९ किंवा त्याच्या जातीतला, शंकरपाळ्याच्या आकाराचा, मागं ॲल्युमिनियमच्या हीटसिंकवर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या पत्र्यांवर, दोन स्क्रूनं बसवलेला. हा क्लास ए मध्ये चालतो, म्हणजे आवाज बारीक असो का मोठा, करंट सतत वाहतच असतो, नळ उघडा ठेवल्यासारखा. त्यामुळं तो कायम गरम. आन् जर्मेनियमची खोड अशी की गरम झालं की त्याचा लीकेज करंट वाढतो, करंट वाढला की अजून गरम होतो, अजून गरम झाला की अजून करंट. कुठंतरी हे चक्र थांबावं म्हणून बायसमध्ये, म्हणजे ट्रान्झिस्टरचा करंट ठरवणाऱ्या भागात, एक थर्मिस्टर (गरम झाला की रेझिस्टन्स बदलणारा तुकडा) आन् ट्रान्झिस्टरच्या एमिटर पायाला छोटा रेझिस्टन्स दिलेला असतो, पण ती सोय साधारण १४ व्होल्टच्या हिशोबानं केलेली. वरून १५.५ द्या आन् बाहेरून ४३ डिग्री, मग थर्मिस्टर बिचारा काय करंल.

हे नुसतं म्हणून सोडून द्यायचं नव्हतं म्हणून घरी टेबलावर करून बघितलं. कमी-जास्त करता येणारा सप्लाय एका मित्राकडून आणला. माझ्या रेडिओत एमिटरचा रेझिस्टन्स बरोबर १ ओहम निघाला, ह्याचा फायदा असा की त्याच्यावर जितके व्होल्ट दिसतात तितकेच अँपिअर वाहतात, हिशोब करायची गरजच नाही. १२ व्होल्टवर ०.५, अर्धा तास हलला नाही. १४ वर ०.६ च्या आसपास, थोडा वाढून थांबला. मग १५.५ वर नेला आन् बायकोचा हेअर ड्रायर हीटसिंकवर लांबून धरला. ०.७५, ०.८, ०.८५, आन् मग थांबायचं नावच नाही, आकडा चढायलाय आन् आवाज घोगरा व्हायलाय, अगदी गाडीत व्हायचा तसाच. १ च्या जवळ गेल्यावर मी झटकन सप्लाय काढला. दोन वर्षांत पहिल्यांदा बिघाड माझ्या डोळ्यासमोर, माझ्या टेबलावर आला होता, एवढा आनंद झाला की बायको आत येऊन म्हणली काय जळायलंय आन् तुम्ही हसायलाव कामून.

हा प्रयोग तुम्ही करणार असाल तर दोन गोष्टी पाळा. एक, सप्लायच्या प्लस वायरीत सिरीजला इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब टाकून पहिल्यांदा रेडिओ चालू करा. आत शॉर्ट असंल तर बल्ब भकभकून पेटंल आन् रेडिओ वाचंल, बल्ब मंद राहिला तर मग काढून घ्या. दुसरं, स्पीकर जोडल्याशिवाय रेडिओ कधीच चालू करू नका. ह्या सेटमध्ये आउटपुटला ट्रान्सफॉर्मर किंवा चोक असतो, लोड नसला की त्याच्यात व्होल्टेजचे झटके तयार होतात आन् चांगला ट्रान्झिस्टर जागेवर जातो. स्पीकर पण जितक्या ओहमचा होता तितक्याचाच. आन् हो, रेडिओ कुठल्यातरी दुसऱ्या गाडीतला आणला असंल तर आधी त्याचं अर्थिंग (आम्ही नुसतं अर्थ म्हणतो) बघा, म्हणजे बॅटरीचं कुठलं टोक गाडीच्या पत्र्याला जोडायचं ते. जुन्या बऱ्याच इंग्लिश गाड्या पॉझिटिव्ह अर्थच्या होत्या, फियाट निगेटिव्ह अर्थची. काही रेडिओला मागं पोलॅरिटी बदलायची पिन असते, काहींना नसतेच. उलटा जोडला तर पुढचं काही वाचायची गरज राहणार नाही.

आता मुख्य प्रश्न, १५.५ आले कुठून. अल्टरनेटर बसवणाऱ्याकडं गेलो तर तो म्हणला रेग्युलेटर, म्हणजे अल्टरनेटरचं व्होल्टेज आवरणारा डबा, बदला. बदलला. परत १५.५. दुसरा आणला, तोच आकडा. तीन रेग्युलेटर एकसारखेच खराब निघतील हे काही पटेना. मग मीटर घेऊन शांतपणे बसलो.

इंजन २००० वर, हेडलाईट चालू. मीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, क्लिपवर नाही, खुद्द शिशाच्या खांबावर. लाल पिन गाडीच्या उघड्या पत्र्याला: ०.०५ व्होल्ट. चांगलं. लाल पिन इंजनच्या ब्लॉकला: जवळजवळ तेवढंच. लाल पिन रेग्युलेटरच्या डब्याला: १.२ व्होल्ट. इथंच घोडं पेंड खात होतं.

झालं असं की रेग्युलेटर बॉनेटखाली साईडच्या पत्र्याला दोन स्क्रूनं बसवलाय आन् त्याचा अर्थ त्याच्या डब्यातूनच पत्र्याला जातो. पेंटरनं इंजन बे आतून इतका मन लावून रंगवला होता की पत्र्यावर प्रायमर, रंग आन् वरून क्लिअर कोट, आन् रेग्युलेटरच्या पायावर पण पावडर कोटिंग. सगळा अर्थ स्क्रूच्या दोन आट्यांतून कसाबसा जायचा. अल्टरनेटरच्या फील्डचा, म्हणजे आतल्या चुंबकाच्या कॉईलचा, दोन-तीन अँपिअर करंट माझ्या रेग्युलेटरमधून ह्याच वाटेनं अर्थला जातो, तो त्या अर्ध्या ओहमच्या अडचणीतून जाताना १.२ व्होल्ट खायचा. म्हणजे बॅटरीवर १५.५ असताना रेग्युलेटरला बिचाऱ्याला १४.३ च दिसायचे, त्याच्या हिशोबानं सगळं बरोबर चाललेलं. त्याचा काहीच दोष नव्हता, मी उगी दोन चांगले रेग्युलेटर भंगारच्या डब्यात टाकले.

काम केवढं तर दहा मिनिटांचं. बॅटरीचा निगेटिव्ह काढला, रेग्युलेटर सोडवला, स्क्रूच्या जागी पत्रा रुपयाएवढा पॉलिश पेपरनं चमकेपर्यंत घासला, रेग्युलेटरचे पाय खालून घासले, दातेरी वॉशर टाकले, आन् भरवशाला डब्यापासून थेट इंजनला एक जाड काळी वायर मारली, कसून झाल्यावर वरून थोडी व्हॅसलीन, पावसाळ्यात गंज चढू नये म्हणून. परत मोजलं: डब्याला ०.०४, बॅटरीवर १४.३. रंग खरवडताना मात्र माझा हात थरथरायला होता, एवढा पैसा घातलेला रंग.

त्याच दिवशी मी बाकीचे अर्थ पण तपासले आन् तुम्ही पण तपासा, कारण रिस्टोअर केलेल्या गाडीत जुन्या गाडीपेक्षा अर्थचा त्रास जास्त येतो, हे माझं ठाम मत झालंय. जुन्या गाडीत रंग उडून पत्र्याला पत्रा लागलेला असतो, नव्यानं रंगवलेलीत प्रत्येक जोडाच्या मधात रंगाची पापडी. इंजन ते बॉडीची अर्थची पट्टी रिस्टोअर करताना बऱ्याचदा परत लावायचीच राहून जाते. माझ्याकडं लावली होती, पण रेडिओच्या मागचा आधाराचा ब्रॅकेट रंगाखाली गेलेला आन् एरियलचा बुडखा तर पूर्ण रंगावरच बसलेला.

एरियलचं जरा वेगळं आहे. मीडियम वेव्हला एरियलच्या केबलच्या बाहेरच्या जाळीचा अर्थ फेंडरच्या पत्र्यालाच लागला पाहिजे. तो नसला की स्टेशन बारीक येतं आन् इंजनची टकटक मोठी येते. बुडख्याची चकती आन् बॉडी ह्यांच्यात एक ओहमच्या आत आलं पाहिजे, आन् आतली काडी व बाहेरची जाळी ह्यांच्यात मीटरनं काहीच जोड दाखवला नाही पाहिजे, दाखवला तर आत पाणी गेलंय. फेंडरच्या आतल्या बाजूनं, वरून दिसत नाही अशा ठिकाणी, चकतीच्या दात्यांखालचा रंग खरवडला. केबल पण गाडीच्या रेडिओचीच वापरा. मधात टीव्हीची केबल जोडली तर तिची मीटरला ५०-७० पिकोफॅरड कपॅसिटन्स एरियलच्या ट्यूनिंगमध्ये घुसते आन् सगळं बसतं. नंतर १४०० किलोहर्ट्झच्या आसपास एखादं बारीक स्टेशन धरून एरियल ट्रिमर (रेडिओला एरियलशी जुळवायचा छोटा स्क्रू) सगळ्यात मोठा आवाज येईल तिथं फिरवायचा, बस.

इंजनच्या आवाजाचं म्हणाल तर आवाज कुठला ते आधी ओळखा. रेडिओला थोडा वेळ थेट बॅटरीवरून सप्लाय द्या, गाडी उभी, न्यूट्रलमध्ये, रेस वाढवा आन् चावी बंद करा. आवाज झटक्यात गेला तर इग्निशनचा, प्लग, डेल्को (डिस्ट्रिब्युटर), कॉईल बघा. कूंऽऽ करत इंजनसोबत उतरत गेला तर चार्जिंगचा. इग्निशनचा असंल तर रेझिस्टन्सवाल्या प्लग कॅप आन् कॉईलच्या चावीकडच्या टोकाला १ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर. डेल्कोतल्या पॉईंटकडच्या टोकाला चुकून लावू नका, गाडी मिस मारंल. आन् हे सगळं करायच्या आधी लायटरमधला स्वस्तातला मोबाईल चार्जर काढून बघा. माझी निम्मी खरखर त्यानंच गेली, लाज वाटली.

ट्रान्झिस्टर परत घ्यायला गेलो तेव्हाची एक गोष्ट. जर्मेनियमचे जुने नंबर आता बाजारात मिळतात खरं पण नंबर घासून नवीन छापलेले पण मिळतात. दुकानातच मीटर डायोडवर लावून बेस-एमिटर बघा. ०.१५ ते ०.३ च्या आसपास दाखवलं तर जर्मेनियम, ०.६ दाखवलं तर सिलिकॉन, परत द्या. सिलिकॉन बसवताच येत नाही असं नाही, पण मग बायसचे रेझिस्टन्स बदलावे लागतात, नंबर सारखा छापलाय म्हणून नुसता काढून घातला तर आवाज फाटका येईल. बसवताना ट्रान्झिस्टर आन् हीटसिंकच्या मधला अभ्रकाचा पातळ तुकडा बघा, जुनी पांढरी ग्रीस चुन्यासारखी वाळलेली असते, ती पुसून नवीन हीटसिंक कंपाऊंड पातळ लावा. अभ्रक चिरला असंल तर बदला. मी हे आधीच्या दोन्ही वेळी केलं नव्हतं, चाचांनी पण नाही.

माझ्या रेडिओत दुसरं एक दुखणं होतं जे ह्याच्यात मिसळलेलं असल्यानं लई दिवस कळलं नाही. खड्ड्यात गाडी आदळली की रेडिओ गप, दुसऱ्या खड्ड्यात परत चालू. ह्याचा उन्हाशी संबंध नव्हता. आतमध्ये एएफ११७ जातीचे ट्रान्झिस्टर असतील, चार पायांचे, उभ्या डबीसारखे, तर त्यांच्यावर संशय घ्या. डबीच्या आत कथलाचे केसासारखे बारीक तंतू वाढतात आन् आतला पाय डबीला चिकटतो. डबीला पेन्सिलीच्या मागच्या टोकानं टिचकी मारली आन् आवाज आला-गेला तर तेच. चौथा पाय हा नुसता डबीचा अर्थ असतो, तो कापून टाकला की बहुतेक वेळा सेट सुरू होतो. दोन तंतूंनी दोन पाय एकमेकांना जोडले असतील तर मात्र बदलायलाच पाहिजे. माझ्याकडं दोन डब्यांचे पाय कापले, त्यालाही वर्ष झालं.

व्हॉल्यूमची खरखर असंल तर कॉन्टॅक्ट क्लीनर, रॉकेल नाही. ट्यूनिंगच्या कॉईलमध्ये आत-बाहेर सरकणारे फेराईटचे गाभे असतात, कार रेडिओत बहुतेक वेळा घरच्या रेडिओसारखा फिरणाऱ्या पात्यांचा गँग कंडेन्सर नसतो, त्या गाभ्यांवर तेल-स्प्रे काही मारू नका. बटनांवर स्टेशन बसवायचं तर बटन बाहेर ओढा, हातानं स्टेशन लावा, बटन पूर्ण आत दाबा. एवढी साधी गोष्ट मला चाचांनी सांगितली तेव्हा कळली, मी समजत होतो बटनंच खराब आहेत.

आन् दिवसा मुंबई आकाशवाणीचं ५५८ किंवा पुण्याचं ७९२ किलोहर्ट्झ धड लागत नाही म्हणून रेडिओ परत उघडू नका. मीडियम वेव्ह दिवसा जमिनीला धरून जाते आन् लांबपर्यंत पोचेपर्यंत बारीक होते, रात्री वातावरणाच्या वरच्या थरावरून परतून येते. परभणीची जागा १३०५, डायलच्या उजव्या अंगाला. तपासणी करायची तर दिवसा जवळच्या स्टेशनवर करा, लांबचं रात्री.

सगळं बसवल्यावर ह्या मे महिन्यात मुद्दाम दुपारी दीडला गाडी काढली, वसमत रोडनं झिरो फाट्यापर्यंत गेलो, तिथं चहा पिताना काचा बंद करून गाडी उन्हातच उभी ठेवली, रेडिओ चालूच, आन् परत आलो. अप्पा शेजारी बसलेले, कान देऊन. घोगरा झाला नाही, बारीक झाला नाही. घरी आल्यावर हीटसिंकला हात लावला तर चटका बसला, पण एमिटरवर ०.६२ च होतं. चाचांना सांगायला गेलो तर ते म्हणले, "मैं बोलाच था," आन् तंबाखूची डबी पुढं केली.

एक गोष्ट बाकी आहे. इंडिकेटर लावला की स्पीकरमधून टिक टिक येते. फ्लॅशरला कंडेन्सर लावून ती जाईल, मला माहितीये, मी आणूनही ठेवलाय. पण अप्पा लावू देईनात. त्यांना आता कमी ऐकू येतं, फ्लॅशरचा आवाज कळत नाही, रेडिओतली टिक टिक मात्र कळते, मग ते म्हणतात, "अरे इंडिकेटर बंद कर, केव्हाचा चालूच आहे."